तुम्ही विचारलंत म्हणून: खापरपणजोबांचा माग कुठून काढायचा?

"आजोबांच्या वडिलांपलीकडे आम्हाला नावं ठाऊक नाहीत. त्याआधीचा माणूस शोधायचा तर सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न बहुतेक वेळा आडनावासकट येतो. आडनाव तूर्त बाजूला ठेवा. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तरही. घराण्याकडे इनाम असेल तर १८५२ च्या इनाम कमिशनपुढे (इनामांचे हक्क तपासणाऱ्या सरकारी आयोगापुढे) दिलेल्या कैफियती, म्हणजे लेखी जबान्या, तिथे मिळू शकतात, पण साधी रयत त्या रुमालांत (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत) सहसा सापडत नाही. तिचा माग तहसीलच्या अभिलेख कक्षात लागतो आणि तो काढायला हवं गावाचं नाव आणि जमिनीचा नंबर.

आधी गाव तेव्हा कोणाच्या अमलाखाली होतं ते पाहा. मराठवाड्यात निजामाचं राज्य, त्यामुळे जुने कागद बरेचसे उर्दूत. नागपूरकडे मध्य प्रांताची जमीन-महसुलाच्या बंदोबस्ताची वेगळी पद्धत. कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी ही संस्थानं. पुढचं सगळं मुख्यतः मुंबई इलाख्याबद्दल, म्हणजे देश, खानदेश आणि कोकण.

आजच्या सातबाऱ्यापासून मागे चला. नावांपाशी कंसात किंवा वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार क्रमांक; फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव किंवा हक्क बदलल्याची नोंद. प्रत्येक फेरफार काढा, त्यातला जुना क्रमांक टिपा, तो काढा. वारसाच्या फेरफारात कोण मयत झालं, साधारण कधी आणि मागे कोण कोण राहिलं हे एकाच ठिकाणी मिळतं; वंशावळीच्या दृष्टीने याच्याइतका भरवशाचा कागद दुसरा नाही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे ही साखळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपते. पण तेव्हाचा म्हातारा खातेदार १८५०-६० च्या सुमारास जन्मलेला असतो आणि त्याच्या नावापुढे बापाचं नाव असतं.

वाटेत हमखास अडायला होतं ते गट नंबरापाशी. १९४७ च्या कायद्याने विखुरलेले जमिनीचे तुकडे एकत्र करण्याची एकत्रीकरण योजना आली, गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि आजचा गट नंबर जुन्या दफ्तरात शोधणारा हात हलवत परत येतो. उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयातून ९(३) आणि ९(४) चे उतारे मागा. कोणत्या सर्व्हे नंबरातून कोणता गट झाला ते त्यात कळतं. जुना सर्व्हे नंबर हाती आला की शेतवार पत्रक, प्रतिबुक, कडईपत्रक या जमिनीच्या जुन्या नोंदींची विचारणा करता येते. काही तालुक्यांचे स्कॅन केलेले कागद 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. नसतील तर गाव, सर्व्हे नंबर आणि वर्ष लिहून नकलेचा अर्ज करायचा. नुसतं "जुने रेकॉर्ड मिळावे" असं लिहिलं तर उत्तर ठरलेलं असतं: आढळून येत नाही.

सातबाऱ्यावरचं 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. खातं थोरल्याच्या नावावर, धाकटे भाऊ कागदावर नाहीतच. तुमचे पणजोबा धाकटे असतील तर थोरल्या भावाचं नाव धरूनच मागे जावं लागेल. 'अ.पा.क.' (अज्ञान पालन कर्ता) दिसलं तर आनंद माना: अज्ञान मुलांचं पालन करणारी बहुधा त्यांची विधवा आई असते आणि एरवी न मिळणारं बाईचं नाव तिथे मिळतं.

जमीन नसलेल्यांना सातबारा नाही, पण कोतवाल बुक आहे. ही गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना १४. अनेक गावांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या वह्या अजून शिल्लक आहेत. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, फक्त मुलगा की मुलगी, बापाचं नाव आणि जात. मृत्यूच्या नोंदी जास्त उपयोगाच्या. १८९६ नंतरची प्लेगची वर्षं आणि १८९९-१९०० चा दुष्काळ आधी चाळा. २०२३ पासून न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदी शोधताना अशी पुष्कळ पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. तुमची जात कोणतीही असो, गावाचं नाव घालून बघायला हरकत नाही. वतनदार आणि महार वतनाच्या घरांनी १८७४ च्या वतन कायद्याखालची रजिस्टरंही विचारावीत.

या कागदांत आडनाव नसलं तर दचकू नका. 'रामजी बिन गणोजी' म्हणजे गणोजीचा मुलगा रामजी, 'सखू कोम रामजी' म्हणजे रामजीची बायको. आजोबा वारल्यावर नातवाला त्यांचंच नाव ठेवण्याच्या चालीमुळे एका गावात रामजी बिन गणोजी आणि गणोजी बिन रामजी आळीपाळीने येत राहतात. नुसतं नाव जुळलं म्हणून पिढी जोडू नये. बापाचं नाव आणि सर्व्हे नंबर, किंवा बाप आणि भाऊ, अशा दोन गोष्टी जुळायला हव्यात. साखळी मध्येच तुटली तर दत्तकाची शंका घ्या.

या जुळणीला नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या फार कामाला येतात. उपाध्याय गावावरून आणि आडनावावरून ठरलेले असतात. यात्रेकरूने भाऊ, मुलं, नातवंडं सांगून ती लिहून घेतलेली असतात, म्हणून सातबाऱ्यावर नसलेला धाकटा भाऊ इथे भेटतो. दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांकडेही (घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणाऱ्या समाजाकडे) वंशावळी असतात. त्यांतल्या अलीकडच्या चार-पाच पिढ्या कागदाशी ताडून घ्याव्यात, त्यापलीकडचा पराक्रम कौतुकाने ऐकावा.

जुनं लिखाण मोडी लिपीत असेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द तोडलेले नसतात, तेव्हा जाणकाराकडे फक्त आपल्या नावाच्या ओळीचा फोटो पाठवू नका. पूर्ण पान पाठवा, त्याच वहीची आधीची दोन पानंही. त्याच हाताची अक्षरं ओळखायला ती लागतात आणि गाव व साल बहुधा वरच्या मथळ्यातच असतं. साल फसली (महसुली कालगणनेचं) असेल तर इसवी सनासाठी ५९० मिळवा, शके असेल तर ७८ (जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९). एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कागदांत आकड्याऐवजी 'अशरीन मयातैन व अलफ' असे शब्द असतात: वीस, दोनशे, हजार, म्हणजे शुहूर सन (मराठी दफ्तरांतली अरबी शब्दांची कालगणना) १२२०. त्यात ५९९ मिळवले की १८१९-२०.