रिचार्ज संपलाय, करू का नको

गेल्या महिन्यात आमच्याकडे नऊ दिवस टीव्ही बंद होता. बिघडला वगैरे नव्हता, रिचार्ज संपला होता आणि आता करायचाच नाही असं आमच्या बारावीतल्या चिरंजीवांनी ठरवलं होतं. म्हणजे ठराव त्याने मांडला, नवऱ्याने मोबाईलमधून मान वर न काढता अनुमोदन दिलं आणि मी गप्प बसले, कारण हिशोब बरोबर होता ना. डिशचे महिन्याला चारशे बारा, वायफायचे वेगळे, त्या वायफायवर दोन-तीन ओटीटी तसेही फुकट, आणि टीव्ही बघतं कोण, तर संध्याकाळी सात ते नऊ एकट्या सासूबाई.

आईंना कोणी विचारलंच नाही. त्यांचं टीव्हीशी नातं आमच्या सगळ्यांच्या आधीचं. लग्न होऊन पेठेतल्या वाड्यात आल्या तेव्हा कौलांवरची अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असायची, टॉवर तिकडे म्हणून, आणि वाऱ्याने ती फिरली की सासरे वर आणि ह्या खालून ओरडणार, "आलं आलं, आता हात नका लावू!" तेव्हा टीव्ही फुकट होता असं मी एकदा म्हटलं तर लगेच म्हणाल्या, फुकट कुठला, टीव्हीच्या लायसनचे पैसे भरायला पोस्टात रांग लावायचो आम्ही.

मग केबल आली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पावतीपुस्तक घेऊन एक मुलगा यायचा, दारातूनच "वैनी, केबल!" करायचा, सुट्टे नसतील तर पुढच्या महिन्यात द्या म्हणायचा. 2013 मध्ये पुण्यात सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला तेव्हा बॉक्स घ्यायचाच आहे तर डिशच घेऊ म्हणून घेतली, आणि तेव्हापासून पाऊस जोरात आला की नेमका कोणीतरी कोणाचं तरी गुपित फोडत असताना सिग्नल जातो.

2019 च्या फेब्रुवारीत ट्रायचा, म्हणजे टीव्ही-फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवीन नियम आला, बघाल तेवढ्याच चॅनेलचे पैसे द्या. मी खूश, वही-पेन घेऊन बसले. तर शंभर चॅनेलपर्यंतचे आधी 130 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकही पैसेवालं चॅनेल न घेता 153 रुपये गेलेच, मग एकेका चॅनेलची किंमत वेगळी, त्यावरही टॅक्स. दोन संध्याकाळी घालवून बेरीज काढली ती आधीच्या बिलापेक्षा पस्तीस रुपये जास्त. मुकाट्याने कंपनीचा तयार पॅक घेतला, अजून तोच चालू आहे, त्यात एक भोजपुरी गाण्यांचं चॅनेल आहे आणि एक लहान मुलांचं कार्टून. (आमचं लहान मूल आता रोज दाढी करतं.)

तर ते नऊ दिवस. पहिल्या दिवशी सात वाजता आई नेहमीसारख्या मेथीची जुडी घेऊन सोफ्यावर बसल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेला रिमोट उचलला, दाबला, मागून दोनदा थोपटला. स्क्रीनवर निळ्या पट्टीत मेसेज. काही बोलल्या नाहीत, मेथी मात्र निवडून झाली. नातवाने लगेच मोबाईल पुढे केला, आजी ह्यावर बघ, अख्खी सिरीयल आहे, जाहिराती पण नाहीत. दोन दिवस बघितली त्यांनी. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "ब्रेकच नाही गं मेला, मग कुकर कधी लावायचा?"

मला हसू आलं, पण खरंच की. पहिला ब्रेक झाला की कणीक, दुसऱ्याला कुकर, आणि शेवटच्या ब्रेकमध्ये शेजारच्या काकूंना फोन, की बघितलंत का, त्या बयेने काय केलं. काकू टीव्हीवर बघणार आणि ह्या मोबाईलवर कधीही, मग बोलायचं काय? मालिका दोघींनी एकाच वेळी बघण्यात मजा होती, एकट्याने बघायच्या लायकीची ती नाहीच, हे माझं मत, आईंना सांगू नका.

नवऱ्याने मध्येच सरकारी फ्री डिशचं काढलं. एकदाच खर्च, महिन्याचं काही नाही, वर भारताच्या मॅच दूरदर्शनवर दिसतात. त्याचं दुखणं वेगळंच होतं, वायफायवर मॅच मागे पडते, समोरच्या बिल्डिंगमधून आरडाओरडा आला की इकडे बॉलर अजून रनअपच्या टोकाला उभा. आईंनी एकच विचारलं, "माझी सिरीयल लागते का त्यावर?" नाही लागत. विषय संपला.

ह्या काळात कंपनीचे रोज फोन. मॅडम का बंद केलंत, मॅडम तीन दिवस फ्री देतो. इतकी काळजी मी वर्षानुवर्षं नियमित पैसे भरत होते तेव्हा कोणी केली नव्हती.

दहाव्या दिवशी दुपारी ऑफिसमध्ये नवऱ्याचा फोन, आवाज घाबराघुबरा, "अगं, माझ्या मोबाईलवर रिचार्ज सक्सेसफुलचा मेसेज आलाय, मी केला नाही, तू केला नाहीस, फ्रॉड दिसतोय, बँकेला कळवू का?" घरी फोन लावला. आईंनी डाळीच्या डब्यातून पाचशेची नोट काढून नातवाच्या हातात ठेवली होती, कर ते काय असतं ते. उरलेले अठ्ठ्याऐंशी त्याने खिशात घातले.

पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात बघू. मी फक्त म्हटलं, करायचंच आहे तर निदान ते कार्टून तरी काढून टाक, थोडे पैसे वाचतील. तर ठराव मांडणारा म्हणतो, "ते राहू दे गं."