आवाज फुटला त्या वर्षी

नववीत, स्नेहसंमेलनाच्या स्वागतगीतात, माझा आवाज फुटला. वरच्या 'सा'ला पोचायच्या ऐवजी कोंबडा आरवला. पाहुण्यांनी हसू दाबलं, आमच्या वर्गाने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझं पोट दुखत होतं, निदान आईला तरी मी तसंच सांगितलं.

पुढच्या आठवड्यात शास्त्राचे सर स्टीलच्या डब्यात बकऱ्याचं स्वरयंत्र घेऊन आले. मटणवाल्याकडून, श्वासनलिकेसकट. नळीत रबरी ट्यूब खोचून त्यांनी मला सायकलचा पंप मारायला लावला. फुस्स! नुसती हवा. मग मागच्या बाजूच्या दोन चिमुकल्या कूर्चा त्यांनी चिमटीत धरून जवळ आणल्या. "आता मार." डब्यातून भसाडा 'बँ' निघाला आणि मागची बाकं उभी राहिली. सरांनी समोरची ढालीसारखी कूर्चा जरा पुढे-खाली ओढली, तसा सूर चढला.

"तुझी तार लांब झालीय," ते मला म्हणाले, "हात अजून जुन्याच मापाने ओढतोय. बसेल मापात."

मेडिकलला गेल्यावर सरांच्या बोटांना नावं मिळाली. चिमटी म्हणजे लॅटरल क्रिकोएरिटेनॉइड आणि इंटरएरिटेनॉइड, ढाल ओढणारा क्रिकोथायरॉइड. स्वरतंतू मिटायला इतके स्नायू, पण उघडायला पोस्टिरिअर क्रिकोएरिटेनॉइडची एकच जोडी. ती दोन्हीकडे लुळी पडली तर आवाज बरा राहतो, श्वास मात्र कोंडतो. क्रिकोथायरॉइडला मेंदूचा हुकूम पोचवणारी नस वेगळी. बाकी सगळ्यांची नस गळ्यापाशी थांबायचं सोडून खाली उतरते, डावी तर छातीत जाऊन महाधमनीला वळसा घालून परत वर येते. त्यामुळे बसलेल्या आवाजाचं मूळ कधी कधी छातीत सापडतं. घसा तपासून झाला की मी एक्स-रे का मागतो, हे पेशंटला पटवताना आजही नाकी नऊ येतात.

1854 साली आरशातून स्वतःचे स्वरतंतू पाहणारा मान्वेल गार्सिया डॉक्टर नव्हता, गाण्याचा मास्तर होता. हे मी आमच्या गायनाच्या बाईंना परवा सांगितलं. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही, म्हणून त्यांचाच फोन होता. बाईंना गार्सियाचं काही विशेष वाटलं नाही. म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्यापासून तू नुसते ओठ हलवत होतास. मला पेटीवरून दिसत होतं."