आमची वाटचाल : तडकलेल्या टेबलापासून पुढे

कारखान्यात शिरलं की डाव्या हाताला भिंतीला टेकवलेला एक पाटा, म्हणजे टेबलाचा वरचा लाकडी भाग, दिसतो. ९० सेंटिमीटर रुंद, दीड मीटर लांब, आणि एका टोकापासून जवळजवळ मध्यापर्यंत उभा तडकलेला. नवीन माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी आम्ही त्याला तो दाखवतो. ती आमची पहिली मोठी ऑर्डर.

तेव्हा कारखाना नव्हता. घरातली मागची खोली, एक हातकरवत, लाकूड तासायचे दोन रंधे, लाकूड कोरायच्या चार पटाश्या, आणि मी आणि माझी बायको. नोकरीवरून आलं की रात्री काम. एका कुटुंबाने जेवणाचं टेबल करायला सांगितलं आणि आम्ही त्यात जीव ओतला. फळ्या जोडून पाटा केला आणि जराही हलू नये म्हणून खालच्या चौकटीला गोंद लावून, वर स्क्रू घट्ट आवळून बसवला. चार महिन्यांनी, हवा कोरडी पडल्यावर, त्यांचा फोन आला. "रात्री मोठा आवाज झाला. सकाळी बघतोय तर टेबल फाटलेलं."

दुसरं टेबल करून दिलं आणि जुना पाटा घरी आणला. आमची खरी सुतारकी तिथून सुरू झाली.

लाकूड कापलं, वाळवलं, पॉलिश केलं, तरी हवेबरोबर ते ओल घेतं आणि सोडतं. लांबीत फरक पडतो तो नगण्य, सगळा खेळ रुंदीचा. त्यातही खोडातल्या वाढीच्या वर्तुळांना समांतर जे आक्रसणं असतं, ते गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आक्रसण्याच्या साधारण दुप्पट. आमच्या पाट्याची ओल चारेक टक्क्यांनी उतरली असेल, तर ९० सेंटिमीटरमध्ये तो ८-९ मिलिमीटर आत यायला बघत होता. आम्ही त्याला जागाच ठेवली नव्हती. लाकडाने ती फाटून करून घेतली.

आता पाटा फक्त मधल्या रेषेवर पक्का करतो. दोन्ही बाजूंना चौकटीच्या आतल्या अंगाला खाच काढतो, आणि पाट्याला खालून स्क्रूने धरलेल्या छोट्या लाकडी गट्ट्यांची जीभ त्या खाचेत बसवतो. पाटा वर उचलला जात नाही, पण आडवा सरकू शकतो. पॉलिशचे हात वरून देतो तितकेच खालूनही देतो, नाहीतर एक बाजू लवकर ओल घेते आणि पाटा वाटीसारखा वाकतो.

घरी काम करणाऱ्याने लाकूड आणल्याबरोबर कापायला घेऊ नये. आम्ही थराथरामध्ये दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक, अगदी सरळ ओळीत ठेवून फळ्या रचतो आणि टोकांना जाड रंग फासतो, कारण टोकांतून ओल सगळ्यात वेगाने जाते आणि चिरा तिथूनच पडतात. घरात वापरायच्या सामानाला साधारण ८ ते १२ टक्के ओल चालते. ओल मोजायचं मीटर नव्हतं तेव्हा फळीच्या मधला छोटा तुकडा कापून तोलायचो, १०३ अंशांच्या भट्टीत वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवायचो आणि पुन्हा तोलायचो. वजनात आलेल्या घटीला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणलं की टक्केवारी हातात.

धार हा दुसरा धडा, आणि यावर मी कितीही बोलू शकतो. पहिली दोन वर्षं पटाशी चालेना की आम्ही जोर वाढवायचो. एकदा खोबण घेताना पटाशी निसटली आणि बायकोच्या डाव्या तळहातात गेली. बोथट हत्याराला जोर लागतो आणि जोर लावलेला हात थांबवता येत नाही. त्यानंतर धारेची जागा खोलीत कायमची केली. पाण्याची बादली, शिळा, चामडं, सगळं मांडून तयार. मांडामांड करावी लागली की माणूस धार लावायचं टाळतो.

करायचं एवढंच. पटाशीची पाठ, निदान पुढचा दोन-तीन सेंटिमीटर भाग, शिळेवर आरशासारखी सपाट करायची. हे काम पटाशीच्या आयुष्यात एकदाच. उताराचा कोन २५ अंश, आणि अगदी टोकाशी ३० अंशांची बारीक कड. १००० नंबरच्या शिळेवर घासत राहायचं ते पाठीमागे बोटाला बारीक वळ, म्हणजे दुमडलेल्या धातूची कड, लागेपर्यंत. वळ पूर्ण रुंदीभर लागला पाहिजे. एका कोपऱ्यात नसेल तर तिथली धार अजून आलेली नाही. मग ४००० किंवा त्याहून बारीक शिळा, पाठ एकदा सपाट फिरवून वळ काढायचा, शेवटी चामड्यावर मागे ओढत चार-सहा हात. मऊ लाकडाच्या टोकावर, जिथे शिरा उभ्या कापल्या जातात, तिथे पातळ ढलपी काढून बघायची. मागे राहिलेला भाग चकचकीत आला तर धार आहे. पांढुरका, चुरगळलेला आला तर परत शिळेवर.

लोक आम्हाला विचारतात, पहिलं मशीन कोणतं घ्यावं? आम्ही आधी त्यांच्या कामाच्या बाकाबद्दल विचारतो. हलणाऱ्या बाकावर चांगला रंधासुद्धा वाईट चालतो. बाक जड हवं, आणि सरळ उभं राहून हात सैल सोडला की साधारण मनगटाच्या उंचीचं. मग गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं साधन, तपासा. सरळ कडेला तो लावून रेघ मारा, उलटा करून तिथेच दुसरी मारा. रेघा फाकल्या तर गुण्यात चूक आहे, आणि दिसते ती खऱ्या चुकीच्या दुप्पट. सांध्याच्या खुणा पेन्सिलने न करता सुरीने करा, पटाशीचं टोक त्या चिरेत आपोआप बसतं. टेपवरचा आकडा लक्षात ठेवून दुसरीकडे नेण्यापेक्षा एका पट्टीवर कपाटाची सगळी मापं प्रत्यक्ष खुणांनी उतरवून घ्या. आमच्याकडे अशा पट्ट्यांची मोळी आहे.

मशीन आम्ही काम अडलं तेव्हाच घेतलं. आधी ड्रिल, मग बँडसॉ (पट्टीसारख्या पात्याची करवत), मग थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारं मशीन), आणि टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल पात्याची करवत) सगळ्यात शेवटी. थिकनेसरबद्दल मोठा गैरसमज आहे. पीळ खाल्लेली फळी त्यात घातली की रोलर तिला दाबून सपाट करतात, आणि बाहेर आली की ती पुन्हा पीळ खाते. फक्त पातळ होते. म्हणून एक बाजू आधी हाताने सपाट करायची. फळीच्या दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका डोळ्याने बघायचं. पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसेपर्यंत उंच कोपऱ्यांवर रंधा मारायचा.

टेबल सॉवर पात्यामागची फाळ, म्हणजे उभी पातळ पट्टी, कधीही काढू नये. कापलेली फळी पात्याला चिमटली तर ती माणसाच्या अंगावर भिरकावली जाते, आणि ते टाळायलाच फाळ असते. हातमोजे तर फिरत्या पात्याजवळ नकोतच, कारण एक धागा अडकला तरी हात ओढला जातो.

भुशाकडे आम्ही फार उशिरा लक्ष दिलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात नोंदवली आहे. जमिनीवर पडतो तो भुसा झाडता येतो. डोळ्यांना न दिसणारी धूळ मशीन बंद केल्यावरही हवेत तरंगत राहते. म्हणून भुसा मशीनपाशीच खेचून घ्या, आणि मशीन थांबलं म्हणून लगेच मास्क उतरवू नका.

जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचंही तसंच. एका संध्याकाळी तेल पुसलेली फडकी आम्ही चुरगळून डब्यात टाकली. तासाभराने हात लावला तर डबा गरम. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि चुरगळलेल्या फडक्यांत ती साठून आग लागू शकते. तेव्हापासून फडकी बाहेर एकेक पसरून वाळवतो.

त्या कुटुंबाकडचं दुसरं टेबल अजून वापरात आहे. देताना खालच्या बाजूला पाट्यापासून चौकटीपर्यंत सलग जाणारी पेन्सिलची एक बारीक रेघ मारून ठेवली होती. मागच्या खेपेला दमट हवेत त्यांच्याकडे गेलो तेव्हा टेबलाखाली शिरून बघितलं. रेघेचे दोन तुकडे झाले होते, एका बाजूला तीन मिलिमीटर सरकलेले, आणि पाटा वरून अखंड होता.