शंखपुष्पीचा तो एक लॉट

आर्वी तालुक्यातील आमच्या शेडमध्ये अश्वगंधा, ब्राह्मी आणि शंखपुष्पी यांचे अर्क काढून ते चिंता व नैराश्यावरील चाचण्यांसाठी फार्मसी महाविद्यालयांना पुरवण्याचे काम सुरू केले, तेव्हा गाव आम्हाला ‘पाला उकळणारे’ म्हणत असे. गावाचे आम्ही मनावर घेतले नाही. पुढे तेच शब्द एका शहरी स्पर्धकाने आमच्या गिऱ्हाइकांच्या कानी घातले, ते मात्र आजही सलतात.

आरंभीचे भांडवल म्हणजे एक सॉक्सलेट, म्हणजे उकळत्या द्रावकाने पाल्यातला अर्क पुन्हा पुन्हा धुऊन काढणारे काचेचे उपकरण, आणि ते तापवणारे एक हीटिंग मँटल. आमचे द्रावक मेथॅनॉल सुमारे ६५ अंशांवर उकळते. पण मे महिन्यात टाकीतले पाणीच हाताला चटका देई, वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरमध्ये ती पुरती निवत नसे आणि विकत आणलेले द्रावक हवेत उडून जाई. तेव्हा ड्रममध्ये बर्फाची लादी टाकून त्यात टुल्लू पंप सोडण्याची जी युक्ती केली, ती अर्कातले द्रावक उडवून काढणारे रोटरी इव्हॅपोरेटर आल्यावरही चालूच आहे.

मधली बरीच वर्षे सुरळीत गेली. मग शंखपुष्पीचा तो लॉट गेला. चिंता तपासण्याच्या प्लस मेझला, म्हणजे अधिकच्या चिन्हाच्या आकाराच्या उंच मांडणीला, दोन भुजा उघड्या आणि दोन भिंतींच्या असतात; भीती कमी झालेला उंदीर उघड्या भुजांवर जातो. आधीच्या लॉटचा अर्क दिलेले उंदीर या उघड्या भुजांवर बराच वेळ काढत. या वेळी, मात्रा तीच असूनही, ते पाचही मिनिटे भिंतींच्या आड बसून राहिले आणि नैतिकता समितीने मोजून मंजूर केलेले प्राणी वाया गेले. व्यापाऱ्याने कॉन्व्हॉल्व्ह्युलसऐवजी, म्हणजे खऱ्या शंखपुष्पीऐवजी, विष्णुक्रांता दिली होती. बाजारात दोन्हींना, शिवाय गोकर्णालाही, शंखपुष्पीच म्हणतात. विष्णुक्रांता वाईट नव्हे, पण ती वेगळी वनस्पती आहे आणि चूक आमचीच होती. स्पर्धकाने मात्र महाविद्यालयांना पत्रे लिहून आम्हाला भेसळखोर ठरवले. तो स्वतः त्याच व्यापाऱ्याकडून माल उचलत होता, हे पत्रात नव्हते. मागण्या थांबल्या, कपाशीचे वावर गहाण पडले.

ज्यांचे उंदीर वाया गेले, त्या प्राध्यापक मॅडम तेवढ्या तुटल्या नाहीत. त्या एसटीने आल्या, दोन्ही नमुने एकाच टीएलसी प्लेटवर, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या पट्टीवर, शेजारी शेजारी चालवून दाखवले आणि फुलासकट झाडे वर्तमानपत्रात दाबून हर्बेरियमची, म्हणजे ओळख पटवायला जपून ठेवलेल्या वाळक्या नमुन्यांची, पाने कशी करायची, हे आम्हाला शिकवले.

नव्या मंडळींनी वाळलेला चुरा कधीही घेऊ नये. विष्णुक्रांतेचे फूल निळे आणि खऱ्या शंखपुष्पीचे पांढरट-गुलाबी असते. चुऱ्यात हा फरक डोळ्यांना दिसत नाही. तसेच, झोप लागत नाही म्हणून गावकरी अर्काची बाटली मागायला येतात, त्यांना ती देऊ नये. नैराश्यावरील औषधांसाठी पोर्सोल्ट या संशोधकाने १९७७ मध्ये मांडलेल्या चाचणीत उंदीर पाण्यात निश्चल न राहता अधिक वेळ हातपाय मारू लागला, म्हणून माणसाची उदासी गेली असे होत नाही, आणि डॉक्टरांची चालू गोळी तर कोणीच आपल्या मनाने बंद करू नये.

वावर सुटले. पत्रे मात्र कोणी मागे घेतली नाहीत. मॅडमच्या महाविद्यालयाचे बिल दर वर्षी मार्च उलटल्यावरच मिळते, तरीही नव्या हंगामाचा पहिला लॉट त्यांच्याकडेच जातो.