लाल माती, करवंटी आणि खारी टाकी

समुद्री मासे आणि प्रवाळं ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत कुठला केमिकल मीडिया, म्हणजे पाण्यातली नको ती द्रव्यं धरून ठेवणारा माल, टाकू, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, पाण्यात नेमकं काय वाढलंय? उत्तर बहुतेक वेळा ‘ते माहीत नाही, पण पाणी बरोबर वाटत नाही’ असं येतं. कार्बन, लोहाचे दाणे, रेझिन, झिओलाइट ही पाकिटं दुकानात एकाच फळीवर मांडलेली असतात, त्यामुळे हे नाही तर ते चालेल असं वाटत राहतं. चालत नाही. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

पाणी पिवळं पडलंय का, हे बघायला किट लागत नाही. दोन पांढरे प्लास्टिकचे मग घ्या. एकात टाकीतलं पाणी, दुसऱ्यात नुकतं मीठ कालवलेलं. दोन्ही गॅलरीत दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवा. जुन्या टाकीचं पाणी फिक्या चहाच्या रंगावर गेलेलं लगेच कळतं. खाद्य, शेवाळ, माशांची विष्ठा यांतून विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांचा तो रंग. तो काढणं हे कार्बनचं काम, आणि ते तो फार सुंदर करतो. लेदर कोरलसारखी मऊ प्रवाळं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तर कार्बन ठेवावाच, कारण ती शेजारच्या प्रवाळाला रोखायला पाण्यात रसायनं सोडतात. (दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ती गोव्यात ग्रँड आयलंडला पाण्याखाली जाऊन बघावीत, उचलून आणू नयेत.) अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र कार्बनने कमी होत नाहीत.

आमच्याकडे गोव्यात करवंट्यांना तोटा नाही, त्यामुळे ‘घरीच कोळसा करू का?’ हा प्रश्न हमखास येतो. करू नका. बाजारातला चांगला कार्बन करवंटीचाच असू शकतो, पण तो कोळसा पुढे 800 ते 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास वाफेत तापवलेला असतो. त्या तापात त्याला सूक्ष्म छिद्रं पडतात आणि एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग 1000 चौरस मीटरच्या घरात जातो. चुलीतल्या कोळशात ते येत नाही.

घ्याल तो कार्बन आरओच्या पाण्यात, काळं पाणी जायचं थांबेपर्यंत धुवा. सर्जनफिशच्या डोक्यावर आणि अंगावरच्या रेषेवर खड्डे पडतात त्या आजारावरचा एक प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात भरपूर लिग्नाइट (तपकिरी दगडी कोळसा) कार्बनमधून सगळं पाणी फिरवलेल्या टाकीतल्या माशांना तो आजार झाला होता. बारीक धुळीवर तेव्हापासून अनेकांचा संशय आहे. म्हणून थोडा कार्बन घालावा, नीट धुवावा आणि वेळेवर बदलावा, या मताची मी आहे.

आता फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खतच. त्यासाठी फेरिक ऑक्साइडचे दाणे मिळतात, हौशी मंडळी त्यांना जीएफओ म्हणतात. डिचोलीच्या घरी मी रिअॅक्टर (दाणे भरून ज्यातून टाकीचं पाणी फिरवतात ती नळी) उघडून जुने दाणे वर्तमानपत्रावर ओतले होते. गर्द तांबडे, ओले, बोटांना गंजासारखा डाग लावणारे. बाबा कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, आले आणि बघून म्हणाले, “अगो, ही तर आपल्या डोंगरावरची माती!”

बाबा बरोबर होते, रंगापुरतेच नाही तर रसायनातही. आमच्या आम्लधर्मी लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरलेली आहेत आणि ती फॉस्फेट घट्ट धरून ठेवतात. पोफळींना सुपर फॉस्फेट कितीही घाला, बराचसा जमिनीतच अडकतो, ही बाबांची जुनी तक्रार. झाडापर्यंत फॉस्फेट पोचू न देणारा हा जो मातीचा गुण, तोच मला टाकीत हवा असतो. दोघं अर्धा तास त्यावरच बोलत बसलो. “मग पाकिटाला पैसे कशाला घालवतेस?” हा त्यांचा पुढचा प्रश्नही रास्त होता. आपल्या मातीत चिकणमाती, मँगनीज आणि आणखी काय काय असतं, आणि पाण्यात ती विरघळून चिखल होते. हे दाणे मुद्दाम सच्छिद्र बनवलेले, पाणी मधून खेळावं असे असतात. अंगणातला चिरा (जांभा दगड) फोडून टाकीत घालायचा नाही.

जीएफओ जोरदार आहे, म्हणूनच जपून वापरायचा. प्रवाळं असलेल्या टाकीत फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) दरम्यान असला की मी समाधानी असते. तो एका झटक्यात शून्यावर आणला तर प्रवाळं उपाशी पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, बुडबुड्यांचा चिकट थर वाळूवर चढतो. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, हीही खाली येऊ शकते. पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा, दर दोन-तीन दिवसांनी मोजा. दाणे रिअॅक्टरमध्ये हलकेच हलताना दिसले पाहिजेत. आदळू लागले तर त्यांचा भुगा होतो, स्थिर राहिले तर ढेकूळ.

झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या भरवशावर अमोनिया सोडू नका. गोड्या पाण्यात तो अमोनिया छान पकडतो, पण समुद्राच्या पाण्यात सोडियम इतका असतो की झिओलाइटमधल्या बहुतेक जागा तोच अडवतो. गोड्या टाकीतला वापरलेला झिओलाइट मिठाच्या पाण्यात ठेवून पुन्हा ताजा करतात तो याच कारणाने. आणि माशांना औषध देताना कार्बन बाहेर काढा, नाहीतर औषध त्यातच जाईल. उपचार संपले की परत घाला.

जून लागला की मिरामारहून कॅनमध्ये पाणी भरून आणणाऱ्या मुलांचे फोन येतात: “ताई, यात कार्बन टाकला तर चालेल ना?” तिथे मांडवीचं मुख आहे, पावसात नदीचं गढूळ गोडं पाणी तिथेच उतरतं आणि क्षारता घसरते. गेलेलं मीठ कुठलाही मीडिया परत आणत नाही. ते पाणी अळवाच्या वाफ्यातही ओतू नका, आरओचं पाणी घ्या, समुद्री मीठ कालवा आणि विशिष्ट गुरुत्व 1.025 येईपर्यंत रिफ्रॅक्टोमीटरने (पाण्याचा खारेपणा मोजायचं उपकरण) मोजत राहा.