पहिल्या गिटारची खोड

गिटार वाजवणाऱ्या कोणालाही त्याच्या पहिल्या गिटारबद्दल विचारून पाहावे. उत्तराची सुरुवात बहुधा तक्रारीने होते. तारा बोटभर उंच होत्या, एक खुंटी फिरता फिरत नसे, पावसाळा आला की नेक, म्हणजे गिटारची मान, वाकत असे, या गोष्टी तो इतक्या तपशिलाने आणि इतक्या मायेने सांगू लागतो की ऐकणाऱ्याला वाटावे, विषय वाद्याचा नसून घरातल्या एखाद्या तऱ्हेवाईक आत्याचा आहे. पुढे पदरचे बरेच पैसे घालून घेतलेल्या चांगल्या गिटारींबद्दल तोच माणूस कंपनी, लाकूड आणि किंमत एवढे सांगून थांबतो.

मोठ्या वादकांच्या आठवणीही याला अपवाद नाहीत. इंग्लंडचे गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांना तेराव्या वाढदिवसाला होयर नावाच्या जर्मन कंपनीची गिटार मिळाली होती. तिच्या पोलादी तारा दाबणे त्या वयाच्या बोटांना इतके जड गेले की काही काळ त्यांनी अक्षरशः तिचा नाद सोडला. रॉक अँड रोलचे गायक एल्व्हिस प्रेस्ली यांची पहिली गिटार १९४६ मध्ये अमेरिकेतल्या टुपेलो गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आली. खिळे आणि कुलपे विकणाऱ्या त्या दुकानात मुलाचा डोळा वेगळ्याच वस्तूवर होता. तो बंदुकीवर होता असे कोणी सांगतात, सायकलीवर होता असे कोणी, पण आईने त्याची समजूत गिटारवर काढली एवढे नक्की. रोलिंग स्टोन्स या बँडचे गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांच्या आजोबांच्या घरी गिटार उंचावर ठेवलेली असे आणि हात पोहोचला की वाजव, असा आजोबांचा करार होता. नातू येणार असेल तेव्हाच म्हातारा ती तिथे मांडून ठेवतो, हे नातवाला पुष्कळ वर्षांनी कळले. आमिष दाखवण्याची ही रीत मला मोठी सभ्य वाटते.

मात्र पहिल्या गिटारींचे खरे भांडार पाहायचे तर १९५०च्या दशकातल्या लिव्हरपूल शहरात जायला हवे. युद्धानंतर परकीय चलन राखण्यासाठी ब्रिटनने अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध घातले होते आणि ते १९५९ पर्यंत उठले नाहीत. त्यातच १९५६ च्या सुमारास गायक लॉनी डोनेगन यांच्यामुळे स्किफल या घरगुती वाद्यांवर वाजवायच्या संगीताची साथ आली आणि प्रत्येक गल्लीतल्या पोराला गिटार हवीशी झाली. रेकॉर्ड अमेरिकेची ऐकायची आणि वाजवायला मात्र हॉलंड, जर्मनी किंवा दक्षिण आफ्रिका इथली स्वस्तातली गिटार घ्यायची, अशी त्या पिढीची अवस्था होती.

पुढे बीटल्स या बँडमधून गाजलेली तिघे त्याच पिढीतली. त्यांपैकी जॉर्ज हॅरिसन यांनी शाळेतल्या एका मुलाकडून साडेतीन पौंडांना एग्मंड या डच कंपनीची गिटार घेतली. नेक जिथे खोक्याला जोडलेली असते तिथला स्क्रू दिसल्यावर कोणत्याही निरोगी मुलाला जे सुचेल तेच त्यांना सुचले; त्यांनी तो काढला. गिटारचे दोन तुकडे झाले आणि ते पुन्हा जोडता येईनात, तेव्हा ते त्यांनी कपाटात दडवून ठेवले. पुढे थोरल्या भावाने ते जोडून दिले. पॉल मॅकार्टनी यांना वडिलांनी वाढदिवसाला ट्रंपेट दिला होता, परंतु तोंडात ट्रंपेट धरून गाता येत नाही, ही अडचण त्यांना फार लवकर उमगली. वडिलांच्या परवानगीने तो देऊन त्यांनी झेनिथ नावाची गिटार घेतली. घरी आणल्यावर काही केल्या हात बसेना. स्लिम व्हिटमन हे गायक डावखुरे आहेत हे चित्रात पाहिल्यावर आपणही डावखुरे असल्याचा उलगडा झाला आणि तारा उलट क्रमाने लावून घ्याव्या लागल्या. हे ऐकायला सोपे वाटते, परंतु तारा जिथून खुंट्यांकडे जातात तिथल्या पट्टीवरच्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कोरलेल्या असतात. जाड तारेच्या खाचेत बारीक तार बसवली की ती सैल पडून खडखडते आणि बारीक खाचेत जाड तार मुळी बसतच नाही. एक खाच भरावी लागते, दुसरी कोरावी लागते. ती गिटार मॅकार्टनी यांनी अजून जपून ठेवली आहे.

जॉन लेनन यांची गॅलोटोन चॅम्पियन दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली होती आणि टपालाने मागवलेली होती. तिच्या पोटात चिकटवलेल्या कागदावर ती चिरणार नाही याची हमी दिलेली होती. वाद्याच्या गुणांपैकी सांगण्याजोगा गुण तेवढाच असावा, ही गोष्ट मला फार आवडते. मुलीकडच्यांना मुलाची माहिती देताना तो चोर नाही एवढेच सांगावे, तसा हा प्रकार आहे. आई जुलिया यांनी जॉनला बँजोचे कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे स्वरमेळ, शिकवले होते आणि तेच तो गिटारवर वाजवत असे. ६ जुलै १९५७ रोजी वूल्टन इथल्या चर्चच्या जत्रेत पॉलने त्याला पाहिले ते याच अवस्थेत. गिटार बरी आहे पण तिच्यावर पोट भरणार नाही, हे मावशीचे मतही याच दिवसांतले. चिरणार नाही म्हणून विकलेल्या त्या गिटारला १९९९ मध्ये सदबीजच्या लिलावात दीड लाख पौंडांहून अधिक किंमत आली.

माझी पहिली गिटार १९८९ मध्ये सांगलीत आमच्या घरी आली, तेव्हा आपल्याकडेही परदेशी वाद्य मिळणे दुरापास्तच होते. बँकेत नोकरीला असलेल्या एका गृहस्थांची बदली झाली, त्यांच्या मुलाची कोलकात्याला बनलेली गिटार विकायची होती आणि प्राथमिक शाळेत शिक्षक असलेल्या माझ्या वडिलांनी कोणत्या हिशेबातून कोण जाणे, ती घेतली. रंग तांबडा-काळा होता आणि वार्निश इतके जाड होते की लाकूड कोणते, हे तिचे तिलाही सांगता आले नसते. नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी, म्हणजे फ्रेटपैकी, बाराव्या फ्रेटपाशी तारेखालून पेन्सिल आरपार जात असे. पहिल्या महिन्यात बोटांच्या टोकांना फोड आले, दुसऱ्या महिन्यात घट्टे पडले आणि तरीही एफ कॉर्डमधून सहापैकी दोनच तारा वाजत, त्याही एकमेकींशी भांडून.

याचे कारण मला नंतर कळले. तार जितकी उंच, तितकी ती फ्रेटला टेकवण्यासाठी अधिक खाली दाबावी लागते. दाबताना ती ताणली जाते आणि ताणली की तिचा सूर चढतो. त्यामुळे मोकळ्या तारा कितीही नेटक्या लावल्या तरी कॉर्ड धरला की सगळेच बेसूर होते. मी महिनोन्‌महिने स्वतःच्या कानाला दोष देत राहिलो.

सांगलीत गिटार दुरुस्त करणारा कोणी माहीत नव्हता. पण मिरज दहा किलोमीटरवर होते आणि मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे तंबोरे आणि सतारी घडत आल्या आहेत. वडिलांचा तर्क सरळ होता. ज्याला सतार कळते त्याला गिटार का कळू नये? एका रविवारी गिटार सोलापुरी चादरीत गुंडाळून आम्ही सिटी बसने निघालो. सतारमेकर गल्लीतल्या त्या अरुंद कारखान्यात भिंतीला कापलेले भोपळे टांगलेले होते आणि लाखेचा वास होता. तिथल्या वृद्ध कारागिराने गिटार मांडीवर आडवी घेतली, एकेक मोकळी तार छेडली आणि मला विचारले, ‘‘ह्यात सा कुठला, बाळ?’’ मला सांगता येईना. त्यांनी पुन्हा सहाही तारा छेडल्या. ‘‘आणि जोड कुठाय?’’ सा नाही, एकाच सुरात लावलेल्या दोन तारांची जोड नाही असल्या वाद्याकडे त्यांनी जरा वेळ कीव आल्यासारखे पाहिले आणि मग वडिलांना म्हणाले, ‘‘गुरुजी, हिची घोडी लई उंच हाय. बसवाय पाहिजे खाली.’’

तारा खालच्या टोकाला ज्यावर टेकतात त्या ब्रिजला घोडी म्हणतात हे तोवर मला ठाऊक नव्हते. त्यांनी तारा उतरवल्या, ब्रिजच्या खाचेतली प्लॅस्टिकची पट्टी उपटून काढली आणि एका डब्यातून हाडाचा जुना तुकडा शोधून त्यावर कानस चालवायला घेतली. तारेचा मध्य बाराव्या फ्रेटवर येतो, म्हणून तिथली उंची एक मिलिमीटरने कमी करायची तर घोडीपाशी दोन मिलिमीटर घासावे लागतात. हे गणित मी पुढे कागदावर मांडले, त्यांनी मोजपट्टीला हातही लावला नव्हता. तासाभराने तारा चढल्या. त्यांनी जाड तार छेडली आणि साऱ्या कारखान्यात तंबोरा बोलावा तसा लांबलचक झंकार भरून राहिला. त्यांचा चेहरा उजळला. माझा उतरला. सवयीच्या हाताने त्यांनी माझ्या गिटारची जवारी काढली होती.

तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. कंप पावणारी तार तिच्या पाठीवर पुन्हा पुन्हा घासते आणि त्या घासण्यातून मूळ सुराचे वरचे सूर फुलतात; हीच जवारी. गिटारच्या पट्टीला मात्र धार हवी असते, कारण तार एकाच बिंदूवर सुटली नाही तर तिथे खरखर होते आणि गिटारवाला त्याला दोष म्हणतो. जो आवाज काढण्यासाठी त्यांच्या घराण्याने पिढ्या घालवल्या होत्या तो घालवून द्या, हे सांगायचे कसे, ते आम्हा दोघांनाही सुचेना. शेवटी वडिलांनीच भीत भीत सांगितले. त्या कारागीर चाचांनी काही न बोलता कानस पुन्हा हातात घेतली, पट्टीला पुढून धार काढली आणि झंकार नाहीसा केला. पैसे मात्र त्यांनी ठरल्यापेक्षा कमी घेतले, बहुधा काम बिघडवल्याची भरपाई म्हणून.

दुसऱ्या वेळच्या घासण्यात पट्टी केसभर अधिकच बुटकी झाली, असे घरी आल्यावर लक्षात आले. जाड तार जोरात छेडली की पहिल्या काही फ्रेटवर खडखडत असे. पुन्हा मिरजेला जाण्याचे धाडस नव्हते, म्हणून मी १५ पैशांच्या एका जुन्या पोस्टकार्डाची बारीक चिंधी कापली आणि पट्टीखाली सरकवून दिली. खडखड थांबली.

पुढे क्वीन या इंग्रजी रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या गिटारची हकीकत वाचली तेव्हा मला त्या चिंधीची लाज वाटेनाशी झाली. विकत घेणे परवडत नव्हते म्हणून त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी १९६३ पासून सुमारे दोन वर्षे खपून घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवली. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या लाकडाची, फ्रेटच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या, स्प्रिंगा मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. त्या नेकमध्ये किड्यांनी पाडलेली भोके होती आणि बाप-लेकांनी ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. क्वीनच्या रेकॉर्ड ऐकताना मला अधूनमधून त्या काड्या आठवतात.

आता घरात दुसऱ्या गिटारी आहेत आणि त्यांच्याबद्दल, वर म्हटले तसे, सांगण्यासारखे फारसे नाही. गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून भाची आली होती. तिची स्वतःची गिटार कारखान्यातूनच नीट लावून आलेली आहे. तिने माळ्यावरची ही तांबडी-काळी काढली, एफ कॉर्ड धरला आणि बोटे झटकत म्हणाली, ‘‘मामा, याच्यावर शिकलास तू?’’ गंजलेल्या तारा बदलायच्या म्हणून तिने सगळ्या उतरवल्या आणि आतली धूळ झाडायला गिटार उलटी केली, तेव्हा हाडाची पट्टी फरशीवर पडली आणि तिच्यामागोमाग पोस्टकार्डाची चिंधीही. पिवळ्या पडलेल्या त्या चिंधीवर एकच ओळ होती आणि तिचाही वरचा अर्धा भाग कापला गेलेला होता, पण उरलेल्या वेलांट्या-उकारांवरून अक्षर आजीचे आहे हे कळत होते. भाचीने ती उजेडात धरून जुळवत जुळवत वाचली: ‘‘...कडील सर्व खुशाल. पाऊस अजून...’’ मग पट्टी खाचेत बसवताना तिने चिंधी माझ्यापुढे धरली आणि विचारले, ‘‘ही परत आत घालायची आहे?’’