एफडी म्हणून घेतलेली पॉलिसी

परळचे एक काका, महापालिकेतून निवृत्त झालेले, ग्रॅच्युइटीचं काय करावं ते विचारायला आले. ‘पाच लाख बँकेत एफडीसारखे ठेवलेत, उरलेल्यांचं सांगा,’ म्हणाले. मी आधी तो कागद मागितला. पिशवीतून विमा पॉलिसी निघाली.

अशा वेळी रंगीत माहितीपत्रक बाजूला सारून थेट शेड्यूल, म्हणजे पॉलिसीतला मुख्य तपशिलांचा तक्ता, उघडावं. त्यात होतं: वार्षिक प्रीमियम 5,00,000, भरण्याची मुदत 7 वर्षे. म्हणजे पस्तीस लाख, आणि उत्पन्न फक्त पेन्शनचं. सोबतच्या प्रपोजल फॉर्मवर वार्षिक उत्पन्न बारा लाख लिहिलेलं. सही काकांची, आकडा भलत्याच अक्षरात. विमा कंपनीच्या पडताळणीच्या फोनवर त्यांनी सगळ्याला ‘हो’ म्हटलं होतं. ही फसवणूक अशीच पचते, याचा मला फार राग येतो.

‘पॉलिसी आली ते पाकीट टाकलं नाहीत ना, काका?’ पाकीट होतं. त्यावरच्या स्पीड पोस्टच्या क्रमांकावरून पॉलिसी हाती पडल्याची तारीख सिद्ध होते, आणि फ्री लूकचे, म्हणजे पॉलिसी नको असल्यास परत करण्याच्या मुदतीचे, 30 दिवस तिथूनच मोजतात, चेकच्या तारखेपासून नाही. पूर्वी साधारण 15 असायचे. 2024 च्या नियमांनी 30 झाले. मुदत अजून शिल्लक होती.

त्याच दुपारी अर्ज केला: पॉलिसी क्रमांक, मिळाल्याची तारीख, कारण, ‘फ्री लूकमध्ये रद्द करावी’. सोबत मूळ पॉलिसी, पॅनची प्रत, रद्द केलेला चेक. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यायचा. बँकेत दिला की ‘साहेब रजेवर आहेत, सोमवारी या’ यात दिवस जातात. हप्ता खात्यातून आपोआप कापण्याची परवानगीही लेखी रद्द करावी, हे बरेच जण विसरतात.

पैसे परत येताना तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क वजा होतं. मुदत उलटली असती, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत दाद न लागल्यास विमा लोकपाल. तिथे शुल्क नाही.

गुंतवणूक सल्लागार होऊ पाहणारे एनआयएसएम या सेबीच्या संस्थेच्या 10-ए आणि 10-बी या परीक्षांची तयारी जीव तोडून करतात. तेवढ्याच नेटाने चार कंपन्यांची शेड्यूल्स वाचावीत, असं मी त्यांना सांगतो.

काकांचे पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले. 8.2 टक्क्यांनी पाच लाखांवर तिमाहीला 10,250 रुपये.